साफ केला आणि बंद पडला

माझा जन्म अंबरनाथचा. मूळ गाव माण तालुक्यात, पण ते मी दोन-तीनदाच पाहिलंय, तिथं आमचं म्हणावं असं काही नव्हतं. वडील तरुणपणीच इकडे आले, फॅक्टरीत लागले, मागून आई आली आणि आम्ही चौघी बहिणी इथेच झालो. मी तिसरी. तिसरीला घरात कोणी काही विचारत नाही ताई, पहिलीचं कौतुक असतं, शेवटचीचे लाड असतात, मधल्यांनी आपलं आपण बघायचं. ते मला लवकर जमलं. दहावीला गणितात गेले, वडील बोलले परत बस, मी बोलले परत बसून तेच होणार, त्यापेक्षा कामाला जाते. मला वाटतं वडिलांना बरंच वाटलं असेल.

शेजारच्या सुमनमावशी एमआयडीसीत जायच्या, त्यांच्याबरोबर गेले. कंपनी कसली, एक शेड होती, शेठ उल्हासनगरचा सिंधी. आत ट्रान्सफॉर्मर बनायचे आणि अडॅप्टर बनायचे. अडॅप्टर म्हणजे तो काळा डबा, भिंतीच्या प्लगात घालायचा आणि त्याच्या वायरीवर रेडिओ चालवायचा, टेप चालवायचा, तो. आधी मला तार गुंडाळायला बसवलं, मग पॅकिंगला. पॅकिंगला काय काम, तर वायरीच्या टोकाला एक छोटी पिन बसवायची. ती पिन दोन्ही बाजूंनी बसते, सुलटी आणि उलटी, कारण कुठल्या मशीनला प्लस आतून लागतो, कुठल्याला बाहेरून. आमचा माल सगळा रेडिओवाल्यांना जायचा, त्यांना प्लस आत. म्हणून पिन कायम एकाच बाजूने. दिवसभर तेच, पिन घ्यायची, दाबायची, पुढे सरकवायची, पिन घ्यायची, दाबायची, पुढे सरकवायची. पुढे पुढे तर बघावं पण लागायचं नाही.

आणि पुढे सरकवायची ती कुठे, तर टेस्टिंगच्या टेबलावर. तिथे आमचे हे बसायचे. आमचं लग्न कोणी जमवलं नाही, त्या दोन टेबलांनी जमवलं. घरच्यांनी नंतर नुसता होकार दिला. दोघांचा समाज एकच, दोघं कामाला, नाही म्हणायला कारण नव्हतं. हे तेव्हाही कमीच बोलायचे. माझी मोठी बहीण लग्नात बोलली, मंदा, तुझा नवरा मुका आहे का गं? मी बोलले, मला बरं, घरात शांतता राहील. आता आठवलं की वाटतं, कशाला बोलले मी तसं. पण बोलले होते.

पुढे अंबरनाथजवळ शिरगावात ही खोली घेतली. तेव्हा इथे एवढ्या बिल्डिंगा नव्हत्या, खिडकीतून शेत दिसायचं. रूपाली झाली. ती शाळेत असताना ह्यांनी उल्हासनगरच्या बाजारातून तिला टीव्ही गेम आणला, म्हणजे मशीन, दोन रिमोट आणि वर खोचायची कॅसेट. घरोघरी होता तो तेव्हा. रूपाली हाताला लागेल तो अडॅप्टर त्याला लावायची, घरात कंपनीचे अडॅप्टर पडलेलेच असायचे. हे तिला ओरडले नाहीत. मशीन खोललं, आत एक डायोड टाकला, मण्याएवढा पार्ट असतो तो, आणि बंद केलं. मी विचारलं हे कशाला? तर बोलले, उलटा करंट आला तर हा आत जाऊ देणार नाही, मशीन जळणार नाही. बास, एवढंच बोलले. बोलायचे ते असंच, कामापुरतं.

मग कंपनी बंद झाली. शेठ बाहेरून तयार माल आणायला लागला, बनवायला माणसं कशाला हवीत. हे एका सोसायटीत पंप आणि लाईटचं काम बघायला लागले, मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायला बसले. रूपाली शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. गेम कपाटावर गेला, कापडात बांधून.

आणि मग ते झालं. सकाळी दाढी करत होते, मोरीत ब्लेड पडल्याचा आवाज आला. ब्लेड पडलं म्हणून मी काही उठले नाही, पीठ मळत होते. मग भांडं पडलं, तेव्हा उठले. अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय, आणि वाचा. पाय पुढे थोडा आला, धरून धरून मोरीपर्यंत जातात. हात नाही आला. वाचा नाही आली.

काय सांगू तुम्हाला, माणूस कमी बोलतो आणि माणूस बोलत नाही, ह्यात केवढं अंतर असतं ते मला तेव्हा कळलं. आणि नुसती वाचा गेली असती तरी भागवलं असतं, मानेने हो-नाही झालं असतं. पण ह्यांचं हो-नाही पण गेलं. पाणी हवं का? मान हलवायचे. नको का? तशीच मान हलवायचे. तुमचं नाव गणपत का, हो. तुमचं नाव दिलीप का, हो. नाव ह्यांचं शंकर. डॉक्टर बोलले, आत किती पोचतंय ते सांगता येत नाही. डॉक्टरांनी सांगता येत नाही म्हटलं की लोक त्याचा अर्थ काही पोचत नाही असाच घेतात. येणारे आधी ह्यांच्याशी बोलायचे, मग ह्यांच्यासमोर माझ्याशी बोलायचे, मग यायचेच बंद झाले.

टीव्हीवर मालिका लावली की हे तोंड फिरवायचे. म्हणून एक दिवस मी कपाटावरचा गेम काढला. त्यात एक गाडीचा खेळ आहे, गाडी आपली आपण पळते, समोरून गाड्या येतात, आपण फक्त डावीकडे-उजवीकडे करायचं. रिमोट पाटावर ठेवला, पाट मांडीवर ठेवला. डाव्या हाताची बोटं त्यांनी अशी पसरली, पेटी वाजवणारा पसरतो तशी, आणि सुरू. मी उभी राहून बघत राहिले. गाडी आपटली तर हूं असा आवाज काढला. तेवढा आवाज मला पुष्कळ होता. मग रोज सुरू झालं ते, सकाळी आंघोळ झाली की गेम, दुपारी झोप, उठले की गेम. मध्ये मध्ये लाईट जायची, ती तर आमच्याकडे रोजच जाते, दोन दोन तीन तीन तास, तेव्हा हे बंद पडद्याकडे बघत बसायचे.

माझे दीर आहेत, अशोकभावजी, ठाण्याला ऑफिसात आहेत. माणूस वाईट नाही, वेळेला धावून येणारा आहे. त्यांचं म्हणणं होतं, वहिनी, तो खेळतो म्हणून कळतं असं समजू नका, नुसती बोटं चालतात, सवयीने. कर्जतच्या बाजूला एक आश्रम आहे, अशा लोकांना नीट ठेवतात, तिथे ठेवू. तुम्ही रूपालीकडे पुण्याला जा, किती दिवस एकट्या करणार? रूपालीचंही फोनवर तेच. आई, बाबांना तू कोण ते तरी कळतं का? मी रोज ह्यांना भरवत होते, पुसत होते, आणि समोरच्याला मी मंदा म्हणून दिसते का भिंत म्हणून दिसते ते मला सांगता येत नव्हतं. मी बोलले, जयंती होऊन जाऊ दे, मग ठरवू. रूपाली जयंतीला येणारच होती.

आमच्यात घराची झाडझूड जयंतीला होते. बाकीच्यांची दिवाळीला, आमची एप्रिलात. भिंतींना चुना, भांडी खाली, गोधड्या बाहेर, बाबासाहेबांच्या फोटोला नवी फ्रेम नाही तर निदान काच पुसायची. त्या वर्षी मी एकटीच. सगळं झालं आणि गेमचं मशीन हातात घेतलं तर आतून काहीतरी खुळखुळलं. खोललं. आत झुरळांचं खटलं, ताई. पिढ्यान् पिढ्या राहिलेली. कंपनीत आम्ही सर्किटच्या प्लेटी स्पिरिटने धुवायचो त्याची आठवण होती, केमिस्टकडून स्पिरिट आणलं, जुना टूथब्रश घेतला आणि घासून सगळं लख्ख केलं. अडॅप्टरची वायर चिकट काळी झालेली, ती रॉकेलने पुसली. पिन काढली, ब्लेडने खरवडली, चांदीसारखी झाली, परत लावली. सगळं जोडलं, बटण दाबलं.

काही नाही. मशीनवर एक लाल दिवा आहे, तो पण नाही.

हे पाट मांडीवर घेऊन तयार बसलेले. मी बोलले थांबा, ओल राहिली असेल. मशीन परत खोललं, गॅलरीत उन्हात ठेवलं, वर जुनी ओढणी बांधली. एप्रिलचं ऊन, त्यात काय ओल राहते. संध्याकाळी लावलं, तेच. आणि तिथून ह्यांचं ठोकणं सुरू झालं.

डाव्या हाताची बोटं अशी मुडपून खाटेच्या लाकडावर ठोकायचे. ठक ठक. थांबायचे. ठक ठक. मी विचारलं पाणी? मान हलवली. पाणी दिलं तर ग्लास ढकलला. मोरीत जायचंय? मान हलवली. नेलं तर तसेच परत. चादर टोचते? मान हलवली. चादर बदलली. ठक ठक. जेवण भरवायला गेले तर तोंड घट्ट मिटलं. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, बोलल्या मंदाताई, ठोकाठोकी चाललीये, काही बसवताय का भिंतीला? मी बोलले हो, खिळा. काय सांगणार?

नेमके त्यात भावजी आले, जयंतीला किती वाजता यायचं ते विचारायला. दारातूनच ऐकलं त्यांनी. दादा, ए दादा, काय झालं, म्हणून जवळ गेले, तर ह्यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही, माझ्या शिलाईच्या टेबलाकडे, गेम ठेवला होता तिकडे बघत ठक ठक. भावजी स्वयंपाकघरात येऊन हळू बोलले, वहिनी, हे वाढत चाललंय. आज खाट ठोकतोय, उद्या डोकं ठोकेल. मी कर्जतला फोन करून ठेवतो. मी बोलले जयंतीनंतर म्हटलंय ना मी. ते बोलले, वहिनी, तुम्ही गेम धुतलात, आत पाणी घातलंत, तो काय आता चालायचा नाही. मी बोलले स्पिरिटने पुसलाय, पाण्याने नाही. ते बोलले, तेच ते. तेच ते नसतं, पण जाऊ दे.

मी काही फार जिव्हाळ्याने करायला बसले असं नाही. मला एवढंच दिसत होतं की गेम चालला की ठोकणं थांबेल, ठोकणं थांबलं की भावजींच्या तोंडातला मुद्दा जाईल. शिलाईचं टेबल खाटेजवळ ओढलं, कारण प्लगचा बोर्ड तिथे आहे. ह्यांचा जुना मीटर काढला, काट्याचा. दोन वायरी असतात त्याला, लाल आणि काळी, त्या लावायच्या, काटा सांगतो किती व्होल्ट. शिकवलं कोणी नाही, इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बघत होते. आधी अडॅप्टर बघितला. वायरी लावल्या, लाल बाहेरून, काळी आत, तर काटा उलटीकडे गेला, तसा जातो कधी कधी, लाल-काळी अदलाबदल केली की सरळ येतो. केली. बरोब्बर नऊ. म्हणजे अडॅप्टर चांगला. तेवढ्यात हे इतक्या जोरात ठोकायला लागले की टेबलावरचं रिळांचं पुडकं खाली पडलं. मी ओरडले. थांबा हो जरा, तुमच्यासाठीच करतेय! थांबले. भिंतीकडे तोंड केलं.

मग मशीनच्या आत. बटण चांगलं. वायर जिथे खोचतो ती जागा चांगली, तिथपर्यंत नऊ येतायत. पुढे तो डायोड, ह्यांनी टाकलेला. डायोडपर्यंत नऊ, डायोडच्या पलीकडे शून्य. मला वाटलं भेटला चोर. ब्रशने घासताना ह्याच्यातच काहीतरी तुटलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंना ह्यांच्याजवळ बसवलं आणि उल्हासनगरला गेले. कंपनीच्या वेळेपासूनचं एक दुकान आहे तिथे, म्हातारा सिंधी, मला अदी म्हणतो, म्हणजे त्यांच्यात बहीण. बोलला, अदी, बडे दिनों बाद, साहब कैसे हैं? मी बोलले ठीक हैं. दुकानात उभं राहून कोणाला काय सांगायचं. डायोड काढून दाखवला. त्याने मीटर लावला, बोलला, ये तो अच्छा है. मी बोलले अच्छा असेल तर पलीकडे करंट का नाही? तो हसला, बोलला, अदी, वो गेम का जमाना गया, फेंक दो, नया ले जाओ, सीडीवाला. मी बोलले मला हाच चालू करायचाय. मग एक नवा डायोड काढून दिला कागदात बांधून, बोलला, आपकी तसल्ली के लिए. परत येताना रिक्षात मला पहिल्यांदा वाटलं की हे विचारायला घरात एक माणूस बसलाय, आयुष्यभर त्याने हेच काम केलं, आणि मी ह्या म्हाताऱ्याला विचारत फिरतेय.

नवा डायोड लावला. तेच. अलीकडे नऊ, पलीकडे शून्य.

दुपार होती. पंखा फिरत होता म्हणजे लाईट होती. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले, पण जागे. मी परत पहिल्यापासून सुरुवात केली, कंपनीत असंच सांगायचे, अडकलं की पहिल्यापासून. अडॅप्टर लावला, मीटर घेतला, वायरी टेकवल्या. काटा उलटीकडे गेला. मी हात उचलून लाल-काळी बदलायला गेले आणि माझं मनगट धरलं गेलं.

हे कधी उठून बसले मला कळलं नव्हतं. डाव्या हाताने घट्ट धरलं होतं. ताई, तो हात रिमोट धरायचा, ग्लास धरायचा, कठडा धरायचा, मला त्याने धरलं नव्हतं इतक्या दिवसांत. मी बोलले काय, काय पाहिजे? सोडेनात. माझा हात तसाच दाबून ठेवला, वायरी होत्या तशाच ठेवल्या, काटा उलट्या टोकाला जाऊन टेकलेला. मग मनगट सोडून मीटरच्या काचेवर, त्या काट्याच्या वर, बोट मुडपून, ठक ठक.

मी बघत राहिले. काटा बघितला. मग पिन बघितली.

माझ्या हाताने लावलेली पिन. धुतली, खरवडली आणि जशी कंपनीत हजारो लावल्या तशीच लावली, न बघता, प्लस आत. रेडिओची. आणि ह्या मशीनला प्लस बाहेर लागतो. मीटर मला पहिल्याच दिवशी सांगत होता, काटा उलटा जाऊन सांगत होता, आणि मी त्याची वायर बदलून त्याला सरळ करत होते. डायोड आपलं काम करत होता, उलटा करंट आत जाऊ देत नव्हता. सगळं चांगलं होतं, ताई. फक्त मी उलटं जोडलं होतं.

आणि ठोकणं. आमच्या शेडमध्ये पत्रा कापायचा पॉवर प्रेस चालायचा, कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. एखाद्या अडॅप्टरला मी पिन उलटी लावली की हे टेबलावर ठोकायचे, ठक ठक, आणि तो माल माझ्याकडे परत सरकवायचे. शब्द नाही, रागावणं नाही. मी सुलटी करून परत द्यायचे. हे मी विसरून गेले होते. हे विसरले नव्हते. इतके दिवस खाटेवर बसून माझा माल परत पाठवत होते, आणि मी पाणी पाजत होते, चादरी बदलत होते.

पिन काढली, फिरवली, लावली. बटणावर हात नेला आणि पंखा थांबला. लाईट गेली.

हसू नका. आता गेली म्हणजे संध्याकाळशिवाय येत नाही. मी खाटेच्या कडेला बसले. खिडकी उघडी, वारा नाही, बाजूच्या बिल्डिंगीच्या सळ्या कापायचा आवाज चालला होता. मी विचारलं, तुम्हाला पहिल्यापासून कळलं होतं? मान हलवली. मी विचारलं, का नव्हतं कळलं? तशीच मान हलवली. मला हसायला आलं आणि हसू मध्येच राहिलं. मग मी म्हटलं मान राहू दे. मी बोलते, तुम्ही ऐका.

कर्जतचं सांगितलं. कोण काय बोललं, रूपाली काय बोलली, मी अजून हो म्हटलं नाही पण नाही पण म्हटलं नाही, सगळं. खरं तर सांगायची गरज नव्हती. हे सगळं ह्यांच्या खाटेपासून चार पावलांवर स्वयंपाकघरात बोललो होतो आम्ही, आणि मला तेव्हा वाटलं, ह्यांनी अडॅप्टरची उलटी पिन लांबून ओळखली तर आमचं बोलणं काय ऐकलं नसेल? कोण किती वेळा काय बोललं ह्यांच्यासमोर! मीसुद्धा. मी फोनवर एकदा बोलले होते की आता नुसतं शरीर सांभाळतेय. ह्यांनी तोंड फिरवलं नाही. मांडीवर पाट होता, त्याच्यावर हात ठेवून खिडकीकडे बघत बसले. मी पण बसले. बोलायला सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं पुष्कळ आहे बोलण्यासारखं, पण समोरून काही येत नाही म्हटलं की लवकर संपतं. इतकं एकटं मला भांडी घासतानाही वाटलं नव्हतं.

लाईट आली तेव्हा खालच्या काकूंच्या टीव्हीचा आवाज आधी आला. मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. गाडी पळायला लागली. ह्यांनी बोटं पसरली, आणि मी उठून भाताला पाणी ठेवलं. त्या दिवशी जेवले.

जयंतीला रूपाली आली, भावजी आले. वंदना झाली, खीर झाली. मी टेबलावर तीन अडॅप्टर ठेवले, घरात होतेच, दोन्हींची पिन गेमला चालेल अशी, एकाची उलटी. मीटर ह्यांच्यासमोर. भावजी बोलले हे काय आणि? मी बोलले बघा तर. एकेक लावून दाखवला. पहिला, काटा सरळ, ठोकणं नाही. दुसरा, तसंच. तिसऱ्याला काटा उलटा गेला आणि ह्यांनी ठोकलं. मी बोलले, हा माणूस तुम्ही कर्जतला ठेवणार. रूपाली चहा टाकते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भावजी बोलले, वहिनी, ही पण सवयच. मी बोलले, सवय म्हणा. माझी पण सवयच आहे, मी काय वेगळं करते दिवसभर? त्यांनी परत विषय काढला नाही, पण पटलं असं नाही. पटलं असतं तर दादाशी दोन शब्द बोलून गेले असते. रूपाली जाताना बोलली, आई, तू एकटी पडशील गं. मी बोलले बरं, पोचलीस की फोन कर.

आता तसंच चाललंय. मी इथेच आहे, हे इथेच आहेत. भावजी सणाला येतात. रूपाली फोन ह्यांच्या कानाला लावायला सांगते, बाबा, बाबा करते, हे मान हलवतात, तिला ती कुठे दिसते. साड्या येतात, मी फॉल लावते. मशीन जुनं झालंय, आतला एक पार्ट फार तापतो, एक दिवस जाईल. तो पार्ट बाजारात भेटतो, बाकीचे नाही भेटत. गेला की बघू.

एक फरक झालाय. मी बाजारातून आले की हे गेम थांबवतात. रिमोटच्या मधोमध एक बटण आहे, दाबलं की गाडी जागच्या जागी उभी राहते. थांबवतात आणि माझ्याकडे बघतात. मग मी सांगते, भेंडी कशी जून होती, रिक्षावाला कसा भांडला, कोणाची मुलगी बाळंत झाली. सांगून झालं की परत दाबतात, गाडी सुरू. त्यांच्याकडून मला काही भेटत नाही. एवढे दिवस आत काय साचलं असेल, मला काय म्हणत असतील, माझ्यावर राग आहे का, ते मला ह्या जन्मात कळायचं नाही. कळलं नाही तरी भाकरी करायची असते.

बघा ना, तुम्ही आल्यापासून पडद्यावरची गाडी उभीच आहे. सगळं ऐकतायत. मी कुठे चुकीचं सांगितलं असतं तर ठोकलं असतं.

बसा, चहा घेऊन जा. तुमच्या घरी आहेत ना माणसं, बोलणारी? असू देत. भांडत असली तरी असू देत.